दुसरा खिळा

इक्बाल्या, दुपारचं शटर ओढलंय आणि मागच्या खोलीत बसलोय. तेच पुठ्ठे, तोच घरघरणारा एसी. तुझ्या जागेवर कुणी नाही. तू गावाला गेलास तेव्हापासून ती रिकामीच आहे म्हणा, पण तेव्हा ती गावाला गेलेल्या माणसाची जागा होती. आता तुला मातीत ठेवून आठवडा होत आला, आणि त्या पुठ्ठ्याकडं बघवत नाही. तुझ्या जागी जो नवा फार्मासिस्ट आलाय, त्यानं परवा विचारलं, मी इथं पडू का. मी असा काही खेकसलो की बिचारा तेव्हापासून काउंटरच्या खुर्चीत बसूनच पेंगतो. त्याला काय माहीत, ही झोपायची जागा नाही, हे आपलं दुकान आहे म्हणून.

आखातातल्या या मुऐदरला दुपारी कसं होतं ते तुला सांगायला नको. गल्ल्या झोपतात. व्हिलांच्या भिंती पांढऱ्याफटक, कोपऱ्यावरचा किराण्याचा बकाला बंद, सगळीकडं नुसता एसीच्या डब्यांचा आवाज. त्या आवाजात डोळा लागतो तो अर्धाच. आणि तो अर्धा लागला की तू बोलायला लागायचास. पुरा जागा असताना तू कधी फार बोलला नाहीस. काउंटरवर माणसाला जेवढं लागेल तेवढं, वर आभाराचं एक शुक्रन, संपलं. तोंड चालायचं ते माझं. मी लातूरकडचा, आमच्याकडं हळू बोलला तर माणूस आजारी आहे असं समजतात. तू खाडीकाठचा, भरती-ओहोटीच्या चालीनं बोलणारा. आपलं दोघांचं कसं जमलं, देव जाणे. तुझ्या भाषेत, अल्ला जाणे.

पहिल्यांदा तू विचारलंस ते मला अजून ऐकू येतं. डोळे मिटलेले, हात छातीवर, आणि एकदम म्हणालास, "बाला, दरवाजा कुठल्या अंगाला ठेवू रे?"

मला वाटलं घर बांधतोस. मी झोपेतच म्हणालो, "पश्चिमेला नको. दुपारचं ऊन आत येतं."

"तेच तर. औषधांवर ऊन नको यायला."

तेव्हा कळलं की घर नाही, दुकान आहे. तुझ्या गावातलं मेडिकल. आणि हे पण बघ, मला कुणी बोलावलं नव्हतं, मी आपलं झोपेत एक उत्तर दिलं आणि त्या दुकानाच्या बांधकामात सापडलो. मग रोजच सुरू झालं. एका दुपारी तू फळ्या लावल्यास, भिंतीपासून वीतभर सोडून, कारण तुमच्याकडं पावसाळ्यात भिंतीला घाम फुटतो. एका दुपारी फ्रिज आणलास. मी म्हणालो, तुझ्या गावात लाईट असते का कधी? तू इन्व्हर्टर आणलास. मी म्हणालो, इन्व्हर्टरला पण चार्ज व्हायला लाईटच लागते, शहाण्या. मग मी घोरायला लागल्यावर तू म्हणालास, "बर्फाची मच्छीवाल्यांची पेटी ठेवीन जोडीला. आमच्या गावात बर्फाला तोटा नाय."

काही वेळा मला खरंच झोप लागायची आणि दुकान झोपेत पुढं चालायचं. उठून मी तुला म्हणायचो, ती खोकल्याच्या औषधांची फळी आपण काल खिडकीपासून हलवली ना? तू हसायचास. म्हणायचास, नाय रे बाबा, ती तू स्वप्नात हलवलीस, पण बरं केलंस, हलवायलाच हवी होती. अशी निम्मी फळी तुझी, निम्मी माझी.

एवढं सगळं कशासाठी, हे तू एकदाच सांगितलंस. तेव्हाही डोळे मिटलेलेच होते.

तुझ्या लहानपणी गावात धक्क्याजवळ एक मेडिकल होतं. मालक माणूस चांगला, पोरांना खडीसाखर द्यायचा. त्याच्या मागं भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये एक सर्टिफिकेट, आणि त्यावर एका मिशीवाल्याचा फोटो. तो मिशीवाला गावात कुणी कधीच बघितला नव्हता. तुला वाटायचं, मालकाचा वारलेला बाप असणार. फ्रेममध्ये दुसरं कोण जातं? मोठा झालास, फार्मसी शिकलास, तेव्हा कळलं की तो खरा फार्मासिस्ट, कुठंतरी शहरात धडधाकट नोकरी करत होता. कागद इथं, माणूस तिथं. कागदावर दुकान चालायचं. आणि खाली काउंटरवर जो उभा होता, त्यानं आपल्या बुद्धीप्रमाणे थंड पेयांच्या बाटल्या फ्रिजमध्ये लावल्या होत्या आणि इन्सुलिन खिडकीजवळच्या उन्हातल्या फळीवर.

तुझ्या अम्मीला शुगर होती. घरात फ्रिज नव्हता. तिनं काय करावं? पाण्यानं भरलेल्या मडक्यात छोटं मडकं, त्याच्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिनची बाटली, वरून ओलं फडकं. न्हाणीघराच्या गार कोपऱ्यात. शिकलेला माणूस सुद्धा याहून बरं काही करू शकला नसता. रोज फडकं ओलं करायची, रोज टोचून घ्यायची, आणि शुगर उतरायचीच नाही. डॉक्टर म्हणे पथ्य पाळत नाही. घरचे म्हणे चोरून गोड खाते. पाय गेला, मग अम्मीच गेली. 

"मडक्याची काय चूक नव्हती रे बाला," तू म्हणालास. एवढंच. मी तोंडाळ माणूस, पण त्या दुपारी कूस बदलून झोपेचं सोंग घेतलं. तुला ते कळलं असणार.

तेव्हापासून तुझं ते दुकान मी चेष्टेवारी नेलं नाही असं म्हणू का? खोटं कशाला बोलू. नेलंच. चेष्टा केल्याशिवाय मला माया करता येत नाही, हे सुनंदाला लग्नानंतर वर्षभरात कळलं, तुला तर पहिल्याच महिन्यात.

आणि आपला संभाजी आठवतो का? साताऱ्याकडचा, क्रेनवाला. काल येऊन गेला. तुझी बातमी ऐकून बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीतून बस बदलत बदलत आला आणि काउंटरसमोर नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "एक ज्यूस द्या." मी दिला. तो तिथंच उभ्यानं प्याला आणि रडला. एवढा सहा फुटी गडी.

त्याला तो ज्यूस आठवणारच. तो सोबत्याच्या खांद्यावर हात टाकून आपल्या दारात आला होता तेव्हा पार घामानं थबथबला होता. हात थरथर कापत होते. मराठी बोलणारे फार्मासिस्ट इथं आहेत म्हणून सोबत्यानं त्याला थेट इकडं आणलेला. डोकं दुखत होतं म्हणून रूममधल्या डब्यातली बीपीची गोळी खाल्ली म्हणे. डबा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, आपल्या सगळ्या पोरांच्या रूममध्ये असतो. बिस्किटाचा पत्र्याचा डबा. कुणी नोकरी खलास करून कायमचा गावी निघाला की त्याची बादली एकाला, राईस कुकर दुसऱ्याला, उशी तिसऱ्याला, आणि उरलेल्या गोळ्या डब्यात. वारसाच तो. गोळ्या गावाकडनं आणलेल्या, आणि गावाकडच्या मेडिकलवाल्यानं पट्टी कात्रीनं कापून दिलेल्या. दोनाचा तुकडा, चाराचा तुकडा. नाव एका तुकड्यावर, तारीख दुसऱ्यावर, आणि बाकीचे तुकडे नुसते चांदीचे.

संभाजीच्या सोबत्यानं तो तुकडा खिशातून काढला. एक घर फुटलेलं, एका घरात गोळी. मागं छापलेलं अर्धं अक्षर. जो माणूस ती सोडून गेला, तो बीपीवर असायचा म्हणे, म्हणून ती बीपीची.

मी गोळी बघितली, रंग बघितला, म्हणालो, हो, बीपीचीच दिसते, आणि बीपीचं मशीन आणायला वळलो. तू माझ्या दंडाला धरलंस. "दिसते ना? मग आपल्याला ठाऊक नाय." एवढं म्हणून तू त्याच्या बोटाला सुई टोचलीस. साखर पार तळाला गेलेली. शुगर उतरवायची गोळी होती ती, शुगर नसलेल्या माणसाच्या पोटात. ज्यूस पाजलास, पुन्हा पाजलास, आणि तरतरी आल्यावर तो "बरं वाटतंय, ड्युटीवर जातो" म्हणायला लागला तर तू त्याच्यावर ओरडलास! तू! मी तुझा चढलेला आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ही गोळी अंगात बसून राहते, पुन्हा साखर पाडेल, क्रेनवर असताना पडली तर काय करशील? माझ्या गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेलास. आपला मॅनेजर, मुदीर, इथं आदळआपट करत होता, दुकान टाकून गेला म्हणून. मी त्याला माझ्या हिंदीत काय काय ऐकवलं ते तुला कधी सांगितलं नाही. चांगलं नव्हतं ते.

त्यानंतर तुझे शुक्रवार गेले बरवाला. जुम्मा झाला की माझी गाडी, तुझा चहाचा थर्मास. रूमवर गेलास की पलंगाच्या कडेवर बसायचास आणि म्हणायचास, "यल्ला, डबा काढा." पोरं कशी लाजायची! जसं काही दारूची बाटलीच काढायला सांगितली. तू एकेक तुकडा उजेडात धरायचास, नाव दिसलं तर बाजूला, नाही दिसलं तर पिशवीत. टाकायच्या गोळ्या आपल्या दुकानात आणायचास, इथल्या रीतीप्रमाणे नष्ट करायला. एकानं तुझा हात धरला होता, आठवतं? "भाई, टाकू नका, आईनं पाठवलेल्या हायत." तू त्याच्या पिशवीतली चटणीची बरणी दाखवून म्हणालास, "ही ठेव. ही पण आईनंच पाठवलीय ना?" सगळे हसले. तोही हसला. गोळ्या त्यानं स्वतःच्या हातानं पिशवीत टाकल्या.

परतताना गाडीत आपण भांडलो. तेच आपलं मोठं भांडण, जे संपलंच नाही.

तू म्हणालास, आमच्या गावात मी पट्टी कापणारच नाय. मी म्हणालो, मग तुझ्या गावातली म्हातारी काय करेल? तिला दोन गोळ्या हव्यात, तू तिच्या गळ्यात अख्खी पट्टी मारणार. ती उरलेल्या आठ गोळ्या डब्यात टाकेल. झाला की नाही परत डबा? मग म्हणालास, बरं, कापीन, पण नाव-तारखेचं टोक शेवटपर्यंत राखून ठेवीन, दुसऱ्या टोकापासून कापीन. झालं, इथं मी तुला पकडला. मी स्टिअरिंगवर हात आपटून म्हणालो, वा रे वा! म्हणजे नाव तुझ्या दुकानात राहणार आणि बिननावाचे तुकडे लोकांच्या घरी जाणार. दुकान स्वच्छ, घरात घोळ! नियम दुकानासाठी असतो का खाणाऱ्यासाठी?

तू खिडकीबाहेर बघत राहिलास. मला वाटलं लागलं तुला. मग मुऐदर जवळ आल्यावर म्हणालास, "प्रत्येक तुकड्याला कागदाची पुडी. पुडीवर नाव, तारीख, कशाची, कधी घ्यायची. हातानं लिहीन."

"आणि दहा बायका पुढं उभ्या राहिल्यावर? एसटी सुटायच्या टायमाला? कापणार कोण, लिहिणार कोण?"

"म्हणून तर. दोघं लागतात."

मी म्हणालो, मग ठेव एक माणूस. तू थर्मासचं झाकण घट्ट करत बसलास. त्यानंतर भांडण जेव्हा जेव्हा निघायचं, तेव्हा ते इथंच येऊन थांबायचं. दोघं लागतात. मी तुझ्या गावाची टर उडवायचो. तिथं भाकरी मिळते का? नुसता भात आणि म्हावरं. मला खाडी बघितली तरी गरगरतं. तुमच्याकडं महिनोन्महिने कपडे वाळत नाहीत. तू ऐकून घ्यायचास आणि डोळे मिटायचास.

तू कायमचा गावी निघायच्या आदल्या दुपारीही आपण इथंच पडलो होतो. तुझं सगळं बांधून झालं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीतून माणूस सोनं नेतो, टीव्ही नेतो, तू फ्रिजचा थर्मामीटर नेत होतास, कपड्यांत गुंडाळून. मला वाटलं आता काहीतरी बोलशील. मीही बोलेन असं वाटलं. एसी घरघरत राहिला. तू म्हणालास, "खिडकीला जाळी लावीन. माश्या फार." मी म्हणालो, "बारीक लाव." मग आपण झोपलो.

गावात दुकान उघडून काही दिवस झाल्यावर तू व्हिडिओ कॉल केलास. मी काउंटरवर होतो, गिऱ्हाईक होतं, तरी फोन टेकवून ठेवला आणि बघत राहिलो. अरे, मला सगळं ओळखीचं होतं! दरवाजा उत्तरेला. फळ्या भिंतीपासून सुट्या. फ्रिजमध्ये नुसती औषधं, आणि दारावर तुझ्या अक्षरात पाटी, 'थंडा मिळणार नाही'. कोपऱ्यात मच्छीवाल्याची बर्फाची पेटी. मी जागेपणी तिथं कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण खोकल्याच्या औषधांची फळी खिडकीपासून हलवलेली होती. ती मी हलवली होती. मग मी नेहमीसारखा ओरडलो, पंखा तिरका बसवलाय म्हणून.

तू खुर्ची दाखवलीस, गिऱ्हाइकाला बसवून समजावायची. मग तिच्यावर बसलेल्या पहिल्या म्हातारीची गोष्ट सांगितलीस. ती आली, म्हणाली लाल गोळी दे. तू तिला बसवलंस, कशासाठी घेतेस, किती दिवस, आणखी काय घेतेस, असं विचारता विचारता तिची एसटी गेली. तिनं तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुढच्या आठवड्यात तीच परत आली, आधीच्या गाडीनं, निवांत बसायला. सांगताना तू इतका खूश होतास की फोन हलत होता.

तेवढ्यात मला भिंत दिसली. तुझं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं, आणि त्याच्या शेजारी, त्याच उंचीवर, एक मोकळा खिळा.

"दोन खिळे कशाला रे ठोकलेस?"

"कॅलेंडरला," तू म्हणालास, आणि फोन फ्रिजकडं वळवलास.

आणि मग तुझ्या घरून वहिनींचा फोन. दुपारीच. तू मुऐदरची सवय गावाला नेली होतीस, दुपारी शटर ओढून दुकानात मागं पुठ्ठ्यावर पडायचं. वहिनी म्हणाल्या, जेवायला उठवायला गेले तर उठलेच नाहीत. चेहरा कसा, नुसती झोप. हृदय थांबलं असं डॉक्टर म्हणाले. मला ते ऐकू येत होतं आणि मी मात्र मनात म्हणत होतो, तो झोपलेला नाही, तो काहीतरी बांधत असेल, थोडं थांबा. मूठभर माती द्यायलाही मी नव्हतो, इक्बाल. लातूरच्या माणसाला खाडीकाठचा रस्ता माहीत नाही, आणि तिकीट काढून निघेपर्यंत तुझं सगळं होऊन गेलं होतं. मी इथंच बसलो, या पुठ्ठ्यावर. तुझा राग आला मला. खूप आला. अजून येतोय.

आज परत वहिनींचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाल्या, दुकान बंदच आहे. लोक येतात, बाहेर थांबतात, जातात. बर्फ मी रोज भरते, फ्रिज बंद केलेला नाही. मग म्हणाल्या, "बालाभाऊ, तालुक्याचे एक शेट येऊन गेले. म्हणाले, दुकान आम्ही चालवू, आमचा माणूस बसवू. फक्त फार्मासिस्टचं सर्टिफिकेट लागतं. यांचं तर आता चालणार नाही. तुमचं आहे ना? ते नुसतं भिंतीवर लावलं तर होतं म्हणाले. तुम्हाला यायची काही गरज नाही. सगळीकडं असंच करतात म्हणे."

त्यांचा काय दोष? दारात कुणी येऊन सांगितलं, दुकान चालू राहील, नवऱ्याचं नाव राहील. मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माझी नोकरी इथं राहते, तुझं दुकान तिथं राहतं, कागद जातो पोस्टानं. मी म्हणालो, वहिनी, थोड्या वेळानं फोन करतो. आणि पडलो.

डोळा अर्धा लागला आणि दुकान आलं. उत्तरेचा दरवाजा, बारीक जाळी, फळ्या. काउंटरला कुणीतरी पाठमोरा उभा, कात्रीनं पट्ट्या कापत होता, चर्र चर्र, आणि तुकडे बायकांच्या हातात पडत होते, नुसते चांदीचे. फ्रिजच्या दारातून बाटल्यांचा आवाज येत होता. खुर्चीत ती म्हातारी बसलेली. ती त्या माणसाशी बोलत नव्हती. मान वर करून भिंतीशी बोलत होती, लाल गोळी संपली, पाय सुजलाय, आता कुठली घेऊ? भिंतीवर माझा फोटो होता. मी बोलायचा प्रयत्न करत होतो आणि काचेतून आवाज जात नव्हता. दारात एक मूल उभं होतं. त्यानं माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, हा कधी वारला?

मी धडपडून उठलो. एसी चालू होता.

आधी सुनंदाला फोन लावला. सगळं सांगितलं, म्हणालो, इथलं सोडून तिकडं जावं म्हणतोय, कोकणात, समुद्राकडं. मला वाटलं आता स्फोट होतो. तिनं विचारलं, "तिकडं ज्वारी मिळते का?" मी म्हणालो, नाही. म्हणाली, "मग जाताना पोतं घेऊन जाऊ." जाऊ म्हणाली, इक्बाल. जा नाही म्हणाली.

मग वहिनींना. मी म्हणालो, "वहिनी, मी नुसतं सर्टिफिकेट पाठवणार नाही."

त्यांना वाटलं मी नाही म्हणालो. "बरं," म्हणाल्या. "राहू दे. मी सांगते शेटना."

"तसं नाही हो. कागदाबरोबर मी येतोय. परवाना माझ्या नावावर करून घेऊ, वेळ लागेल, लागू दे. तोवर फ्रिज चालू ठेवा, पण आतलं काही कुणाला विकू नका. मधे किती वेळा लाईट गेली कुणी बघितलंय? आतलं सगळं मी आल्यावर टाकून देऊ."

वहिनी रडत होत्या, मला ऐकू येत होतं. मला रडणारं माणूस सहन होत नाही, म्हणून मी विषय बदलला. आपलं उगाच विचारलं, "वहिनी, भिंतीवर दुसरा खिळा आहे ना, त्याच्यावर कॅलेंडर लावलंय का?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "मी लावायला गेले होते सुरुवातीला. तर माझ्यावर ओरडले. कधी ओरडायचे नाहीत. म्हणाले, तो बालाचा आहे, तिथं काही लावायचं नाही."

मी फोन ठेवला. शटर उघडायची वेळ झालीय, बाहेर कुणीतरी टकटक करतंय, आणि मी आपला पुठ्ठ्यावर बसून.

इक्बाल्या, अरे, मला एकदा सरळ विचारायचं तरी होतंस.